सिकल सेल : हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं म्हणजे नक्की काय होतं?

रेणूबंध (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी वैतागून लिहिलं होतं की सिकल सेलच्या (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटला डॉक्टर दरवेळी तेच ते सांगतात, पाणी भरपूर प्या, ताप अंगावर काढू नका, थंडीत सांभाळा, मग हे काय आजीबाईच्या बटव्यातलं ज्ञान आहे का, एवढं सायन्स पुढे गेलंय त्याचं काय. तिथे उत्तर टायपायला बसलो ते लांबतच गेलं म्हणून हा वेगळा धागा. प्रोटीन एकत्र कशी येतात यावरच माझं काम चालतं, डॉक्टर मात्र नाही, तेव्हा औषधांचं जे काही ते इथले डॉक्टर लोक सांगतील. पण पाण्याचा सल्ला माझ्या एरियातला आहे आणि माझं मत विचाराल तर या रोगातलं सगळं फिजिक्स त्या एका वाक्यात आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. प्रोटीनचे रेणू एकमेकांना धरून बसणं हा काही रोग नाही. शरीरातली कितीतरी प्रोटीन एकेकटी कामच करत नाहीत, दोन-चार-सहा मिळून जुडगा होतो आणि तो जुडगा काम करतो, त्याला ऑलिगोमर म्हणतात. हिमोग्लोबिन हे त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा, चौघी मिळून एक रेणू. एकीनं ऑक्सिजन धरला की बाकीच्यांना धरणं सोपं जातं, एकीनं सोडला की बाकीच्याही सोडायला लागतात, म्हणूनच फुफ्फुसात भरून घ्यायचं आणि बोटांच्या टोकाला जाऊन रिकामं व्हायचं हे जमतं. मॅक्स पेरुट्झनं १९३७ मध्ये या रेणूवर काम सुरू केलं आणि ओबडधोबड का होईना त्याचा आकार दिसायला १९५९ उजाडलं, १९६२ ला नोबेल. म्हणजे चार साखळ्या एकत्र असणं ही गरज आहे. सिकल सेलमध्ये ही चौकडी मोडत नाही, व्यवस्थित तयार होते, ऑक्सिजनही वाहून नेते.

गडबड पुढची आहे. बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या साखळीतले मणी) असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिकवर विद्युतभार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडतं, व्हॅलिनला पाणी नको असतं. आणि ही सहावी जागा नेमकी रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे. ऑक्सिजन धरलेला असताना काही बिघडत नाही. पण ऑक्सिजन सुटला की सगळा रेणू थोडा वळतो आणि बीटा साखळीवर एक छोटा खळगा उघडतो, तोही पाणी नको असलेल्या अमिनो ॲसिडांचाच, ८५ नंबरचं फिनाइलॲलनिन आणि ८८ चं ल्युसिन. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खळग्यात जाऊन बसतं, मग त्या शेजाऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा, असं करत करत १४ पदरांचा एक पिळदार ताठ धागा तयार होतो आणि असे धागे पेशीच्या आत लांब वाढत जातात. एरवी मऊ असलेली, केशवाहिनीतून अंग चोरून जाणारी लाल पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते आणि अडकते. मागे रक्त तुंबतं, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि पेशंटला जे दुखतं ते हे.

आता मुख्य मुद्दा. धागे लगेच तयार होत नाहीत. साखरेचा पाक कसा, गार झाला तरी बराच वेळ निवांत असतो आणि मग कुठेतरी पहिला कण धरतो आणि बघता बघता अख्खं भांडं रवाळ, तसं आहे हे. ऑक्सिजन गेल्यावर काही काळ काहीच घडत नाही, मग मूठभर रेणूंचं एक केंद्रक जमतं, आणि एकदा ते जमलं की तयार धाग्याच्या अंगावरच नवीन धागे फुटायला लागतात त्यामुळे पुढचं सगळं धडाधड. हा जो आधीचा शांत काळ आहे ना, सगळा रोग त्यावर अवलंबून आहे. लाल पेशी केशवाहिनीतून साधारण काही सेकंदात बाहेर पडते आणि परत फुफ्फुसाकडे निघते. शांत काळ त्यापेक्षा मोठा असेल तर पेशी सुटली, लहान असेल तर अडकली.

आणि हा काळ कशावर ठरतो? पेशीतल्या एस हिमोग्लोबिनच्या, म्हणजे या व्हॅलिनवाल्या सिकल हिमोग्लोबिनच्या, कॉन्सन्ट्रेशनवर. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या विल्यम ईटन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मोजलं तेव्हा आढळलं की तो कॉन्सन्ट्रेशनच्या जवळपास ३० व्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. तीन नाही, तीस. केमिस्ट्रीत असा आकडा सहसा कुठे बघायला मिळत नाही.

जेवून येतो, प्रश्न विचारून ठेवा.

तिरपागडा

पहिला नंबर माझा. वाचलं, निम्मं डोक्यावरून गेलं, पाकाचं समजलं कारण परवाच घरी बुंदीच्या लाडवांचा कार्यक्रम फसलाय.

चष्मेवाली

छान लिहिलंय. दोन शंका. एक, ३० वा घात म्हणजे प्रॅक्टिकली किती फरक, कोणीतरी आकडे टाकून दाखवा. दुसरी, ऑक्सिजन सोडल्यावर तो खळगा उघडतो म्हणता, तर तो नॉर्मल हिमोग्लोबिनमध्येही उघडत असणारच ना? मग आपलं का नाही चिकटत?

रेणूबंध (धागाकर्ता)

@चष्मेवाली, दुसरी शंका एकदम बरोबर जागी आहे. खळगा सगळ्यांकडे आहे, त्यात बसायला व्हॅलिन फक्त एसकडे आहे. आपल्याकडे तिथे ग्लुटामिक, ते त्या खळग्यात जाऊन बसणारच नाही.

आकडे घ्या. कॉन्सन्ट्रेशन ५ टक्क्यांनी कमी झालं तर ०.९५ चा ३० वा घात येतो साधारण ०.२१, म्हणजे शांत काळ जवळजवळ पावणेपाच पट झाला. १० टक्क्यांनी कमी केलं तर २३ पटीच्या वर. आता हेच उलटं करा, पेशीतलं पाणी थोडं आटलं, कॉन्सन्ट्रेशन ५ टक्के वाढलं, तर शांत काळ चौथ्या हिश्श्याच्याही खाली. हे आकडे काचेच्या नळीतल्या, ऑक्सिजन पूर्ण काढलेल्या शुद्ध द्रावणाचे आहेत, शरीरात प्रत्येक पेशी वेगळी असते आणि ऑक्सिजनही पूर्ण जात नाही, पण दिशा हीच. लाल पेशीत हिमोग्लोबिन मुळातच खच्चून भरलेलं असतं, १०० मिलीला ३३-३४ ग्रॅम, आणि ऑक्सिजन नसलेलं एस विरघळलेलं राहू शकतं ते १६-१७ ग्रॅमपर्यंतच. म्हणजे पेशंट कायम काठावरच असतो. सुटतो तो फक्त वेळेमुळे.

वऱ्हाडी ठेचा

बाप्पा, असं कोणी समजावून सांगतलंच नव्हतं आजवर. माह्या भाच्याले एसएस पॅटर्न हाये, लहानपणापासून त्याच्या हातापायाचं दुखनं पाहून राह्यलो. आमच्याकडं विदर्भात हे नवीन नाही, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, कुठंबी जा, एकतरी घर सापडते. लोक एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न असंच म्हनतात, एस मायबापातल्या एकाकडून आला तं एएस, दोघायकडून आला तं एसएस. माहा प्रश्न हा की त्याच्या आईले एएस हाये, बापाले एएस हाये, तिच्या अन् त्याच्या रक्तात बी एस हायेच ना, मंग त्या दोघायले काहून काही होत नाही?

रेणूबंध (धागाकर्ता)

@वऱ्हाडी ठेचा, कारण वरचंच गणित. एएस माणसाच्या पेशीत एस साधारण ३५ ते ४० टक्के, बाकी नॉर्मल ए. एस निम्म्याहून कमी झालं की ३० व्या घातामुळे शांत काळ इतका लांबतो की पेशी परत फुफ्फुसात पोचेपर्यंत धागा धरतच नाही. एएस हा रोग नाही ते यामुळे. फक्त एक जागा अशी आहे जिथे त्यांनाही थोडा त्रास होऊ शकतो, मूत्रपिंडाचा आतला गाभा. तिथे ऑक्सिजन कमी आणि क्षार प्रचंड, क्षार पेशीतलं पाणी ओढून घेतात, म्हणून काही एएस लोकांना कधीतरी लघवीतून रक्त जातं किंवा लघवी नीट घट्ट होत नाही.

डॉ कंपाउंडर

धागा चांगला. डॉक्टर या नात्याने दोन गोष्टी घालतो. सिकल सेल म्हणजे फक्त धागा आणि अडकलेली पेशी एवढंच नाही. धागे वारंवार बनून विरघळून पेशीचं आवरण खराब होतं, पेशी मग ऑक्सिजन मिळाला तरी वाकडीच राहते, १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांत फुटते, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते, पांढऱ्या पेशीही त्या गुंत्यात ओढल्या जातात. लहान मुलांत प्लीहा लवकर निकामी होते त्यामुळे न्यूमोकॉकससारखे जंतू जिवावर बेततात. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यानं हे टळतं हे १९८६ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये दिसलं. लस आणि पेनिसिलिन यात फिजिक्स काही नाही पण मुलं याच्यामुळे वाचली आहेत. सिकलच्या मुलाला ताप आला की घरी क्रोसिन देऊन बघत बसू नका, दाखवा.

चष्मेवाली

रेणूबंध, पाण्याबद्दल मला अजून पटलेलं नाही. मी दोन लिटर पाणी प्यायले तर ते लघवीवाटे जाणार, लाल पेशी काही फुगणार नाही. शरीर रक्ताची घनता एकदम घट्ट सांभाळतं हे आम्हाला बारावीत शिकवलंय. मग "पाणी प्या" ने पेशीतलं कॉन्सन्ट्रेशन कमी कसं होणार?

रेणूबंध (धागाकर्ता)

याच प्रश्नाची वाट बघत होतो. बरोबर आहे, जास्त पाणी पिऊन पेशी नॉर्मलपेक्षा फुगत नाही. तसं करून बघितलंय लोकांनी, १९८० मध्ये औषध आणि पाणी देऊन मुद्दाम रक्तातलं सोडियम खाली आणून पेशी फुगवायचा प्रयोग झाला होता, पेशी फुगल्या, वाकणं कमीही झालं, पण सोडियम सतत एवढं खाली ठेवणं धोक्याचं आणि पेशंटला न झेपणारं, त्यामुळे ते तिथेच राहिलं. पाण्याचा सल्ला पेशी फुगवण्यासाठी नाहीच मुळी, ती आटू नये म्हणून आहे. आणि इथे एक दुष्टचक्र आहे, मूत्रपिंडाच्या गाभ्याचं वर लिहिलं ना, एसएस पेशंटमध्ये तो भाग लहानपणीच खराब होतो, लघवी घट्ट करता येत नाही, म्हणजे तुम्ही-आम्ही उन्हात पाणी नाही प्यायलो तर आपलं मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, यांचं मात्र पाणी सोडतच राहतं. त्यामुळे यांना सुकायला वेळ लागत नाही. त्यात पुन्हा सिकल पेशीच्या आवरणातून पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी गळतं, ती आणखी आटते.

डॉ कंपाउंडर

+१. आणि उलट टोकाला जाऊ नये हेही सांगतो. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याच्या तीव्र झटक्यात, ॲडमिट असताना नातेवाईक सलाईन लावा सलाईन लावा म्हणून मागे लागतात. बेसुमार सलाईननं फुफ्फुसात पाणी होतं, आणि सिकलमध्ये फुफ्फुसाचं दुखणं हे मरणाचं एक मोठं कारण आहे. जेवढं कमी पडलंय तेवढं भरायचं.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात लॅबमध्ये आहे, रोज हीच टेस्ट करतो म्हणून लिहितोय. तुम्ही ज्या धाग्यांबद्दल बोलताय ते आम्ही डोळ्यांनी बघतो, म्हणजे धागे नाही दिसत पण त्यांचा परिणाम दिसतो. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणजे दुसरं काय आहे, रक्ताच्या दोन थेंबांतल्या पेशी फोडायच्या, डायथायोनाइट घालून ऑक्सिजन काढून घ्यायचा, एस असेल तर ते एकमेकांना धरून बसतं आणि द्रावण गढूळ होतं, नळीच्या मागे रेघांचा कागद धरला की रेघा दिसत नाहीत. नसेल तर रेघा स्पष्ट. गावात, शाळेत, आश्रमशाळेत बसून होते. पण हिच्यात एएस आणि एसएस दोन्ही गढूळच दिसतं, म्हणून पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणाऱ्या टेस्ट) लागतं आणि तो रिपोर्ट येईपर्यंत बऱ्याचदा माणूस गावात राहिलेलाच नसतो. आमच्याकडचे कितीतरी भिल्ल, पावरा लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, सिकल तपासणीचं कार्ड घरी टांगलेलं असतं.

आणि आता विचार करा, एसएस पोरगा पहाटेपासून कोयता चालवतोय, घाम गाळतोय, प्यायला पाणी मुकादम आणून देईल तेवढंच. तुमचा तो ३० वा घात तिथं उसाच्या फडात असतो. पाणी प्या असा सल्ला कार्डावर छापून काय उपयोग, प्यायला पाणी आणि बसायला सावली कोण देणार हे पण कोणीतरी लिहायला पाहिजे.

वऱ्हाडी ठेचा

सातपुडा भाऊ, मनातलं बोलले.

मीठभाकर

हे सरकारी मिशन आलंय ना आता सिकल सेलचं, त्याचं काय झालं?

सातपुडा

@मीठभाकर, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी असं टार्गेट आणि २०४७ पर्यंत रोग संपवायचा असं म्हणणं. टेस्टिंग खरंच वाढलंय, कार्ड वाटली जातात, हे नाकारत नाही. पण तपासणीचा आकडा वरून विचारतात, हायड्रॉक्सियुरिया पेशंटच्या हातात दर महिन्याला पडतंय का हे त्याच जोरात विचारलं तर जास्त बरं.

तिरपागडा

हायड्रॉक्सियुरिया म्हणजे ते कॅन्सरचं औषध ना? ते सिकलला काय करतं? (प्रश्न सिरियस आहे, हसू नका)

डॉ कंपाउंडर

तेच. मूळ कॅन्सरचं, सिकलमध्ये कमी डोसमध्ये. मोठ्यांवरची अमेरिकन ट्रायल १९९५ मध्ये लवकर थांबवली कारण फायदा स्पष्ट दिसत होता, क्रायसिस जवळपास निम्म्यावर आले. १९९८ ला तिकडे मान्यता. स्वस्त गोळी आहे, रक्ताची तपासणी ठरावीक दिवसांनी करावी लागते. मनानं सुरू किंवा बंद करू नये. कसं काम करतं ते रेणूबंध जास्त चांगलं सांगतील.

रेणूबंध (धागाकर्ता)

इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की सिकल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. त्यांनी अंदाज बांधला की बाळाकडचं गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असणार. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी दाखवलं की पेशंटचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं, आणि पेपरच्या शीर्षकातच याला रेणूचा रोग म्हटलं. त्याआधी कुठल्याही रोगाचं बोट धरून एका रेणूपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रमनं ते सहाव्या जागेचं व्हॅलिन शोधलं. मला मात्र या सगळ्यात वॉटसनबाईंचं निरीक्षण सगळ्यात मोठं वाटतं कारण आजची चालणारी औषधं तिथूनच आलीत.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये, त्याला एफ म्हणतात, बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होते आणि बीटा सुरू, म्हणून सिकलचा त्रासही साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. आता गंमत बघा. साखळ्या अदलाबदल करतात, एकाच पेशीत एस आणि दुसरं हिमोग्लोबिन असेल तर अर्धी एस अर्धी दुसरी अशा मिश्र चौकड्याही बनतात. नॉर्मल ए बरोबर बनलेली मिश्र चौकडी धाग्यात अधूनमधून शिरू शकते, कारण धाग्यात प्रत्येक रेणूचं एकच व्हॅलिन खळग्यात बसतं, दुसऱ्याची गरज नसते. पण एफ बरोबर बनलेली मिश्र चौकडी धाग्यात शिरतच नाही. गॅमा साखळीवर ८७ व्या जागी बीटापेक्षा वेगळं अमिनो ॲसिड आहे, ग्लुटामिन, त्यामुळे शेजाऱ्याशी जुळणारी ती बाजूच बिघडते. म्हणजे एफ नुसतं एसला पातळ करत नाही, एसचे रेणू आपल्याबरोबर अडकवून खेळाबाहेर काढतं. म्हणून थोडंसं एफ वाढलं तरी फरक मोठा.

हायड्रॉक्सियुरिया मुख्यतः हेच करतं, एफ वाढवतं. शिवाय पेशी आकारानं मोठी होते, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन खाली, म्हणजे परत तोच ३० वा घात. आणि २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेली ती क्रिस्परची (जीनमध्ये काटछाट करणारी) थेरपी, कॅसजेव्ही, तीही दुसरं काही करत नाही, गॅमा बंद करणारं बीसीएल११ए नावाचं बटण रक्ताच्या मूळ पेशींमध्ये मोडून टाकते. किंमत तिकडे २२ लाख डॉलर आणि आधी जोरदार केमो. अमेरिकेत त्याच दिवशी मान्य झालेल्या दुसऱ्या थेरपीत तर बीटा साखळीच अशी देतात की तिच्यावर ८७ व्या जागी गॅमाचं ग्लुटामिन बसवलेलं असतं.

चष्मेवाली

मग ऑक्सिजन सुटूच नये असं औषध का नाही करत? ऑक्सिजन धरलेलं एस चिकटत नाही म्हणालात ना.

रेणूबंध (धागाकर्ता)

केलं होतं. व्होक्झेलोटॉर. अल्फा साखळीच्या टोकाला चिकटून रेणूला ऑक्सिजन धरलेल्या आकारात अडकवायचं. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, हिमोग्लोबिनचा आकडा वाढायचा. पण सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून परत घेतलं कारण नंतरच्या आकडेवारीत क्रायसिस आणि मृत्यू यांचं पारडं चुकीच्या बाजूला दिसायला लागलं. मला स्वतःला ती कल्पना कागदावर फार सुंदर वाटायची. पण ऑक्सिजन न सोडणारं हिमोग्लोबिन पेशंटच्या काय कामाचं, हा प्रश्न काही लोक आधीपासून विचारत होते.

कोकणकडा

धागा वाचतोय, मस्त चाललाय. अल्झायमरमध्ये पण असंच प्रोटीन चिकटतं ना? आमच्या नात्यात एकांना आहे म्हणून विचारतो, ते आणि हे एकच का?

रेणूबंध (धागाकर्ता)

एकच नाही. सिकलमध्ये रेणूची घडी शाबूत असते, ऑक्सिजन आला की धागा विरघळतो. अल्झायमरमधलं अमिलॉइड बीटा आपला आकार सोडून वेगळीच घडी घेतं आणि ती सहज परत फिरत नाही. तिथे मेंदूत साचलेल्या मोठ्या गोळ्यांपेक्षा (प्लाक) छोटे विरघळलेले ऑलिगोमर जास्त घातक असावेत असा बऱ्याच लोकांचा कयास आहे, पण नक्की कुठला ऑलिगोमर यावर भांडणं आहेत आणि त्या एका खास ऑलिगोमरबद्दलचा २००६ चा नेचरमधला गाजलेला पेपर चित्रांतल्या फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घेतला गेला. लेकानेमॅबसारखी औषधं आली आहेत, फायदा मोजता येतो पण छोटा आहे.

त्यापेक्षा तुम्हाला अगदी उलटं उदाहरण सांगतो. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रोटीन, यकृतात बनतं, थायरॉइडचं हार्मोन वाहून नेतं. तेही चौघांचं. तिथे चौकडी सुटली की रोग, सुट्या साखळ्या घडी मोडून हृदयात नाहीतर मज्जातंतूंमध्ये साचतात. पोर्तुगालमध्ये पोव्हुआ द व्हार्झीमच्या आसपासच्या कुटुंबांत हे १९५२ मध्ये कोरिनो आंद्राद यांनी लिहून ठेवलं. त्यातल्या काही लोकांकडे रोगाचा जीन असूनही रोग नव्हता किंवा अगदीच सौम्य, कारण दुसऱ्या पालकाकडून आलेल्या एका वेगळ्या बदलामुळे त्यांची चौकडी जास्त घट्ट झाली होती. टफामिडिस हे औषध तेच करतं, हार्मोनच्या रिकाम्या जागेत बसून चौघांना सुटू देत नाही.

तिरपागडा

म्हणजे एकीकडे चिकटलं की रोग, एकीकडे सुटलं की रोग. प्रोटीनांचा पण एकत्र कुटुंबाचा वाद चालूच आहे म्हणायचा.

अवांतर: बाबांना इन्सुलिन आहे, पूर्वीचं अर्धा तास आधी घ्यायला लागायचं, आताचं जेवायला बसतानाच घेतात. त्याचा पण याच्याशी काही संबंध आहे असं मुलगी म्हणाली, खरं का?

रेणूबंध (धागाकर्ता)

मुलगी हुशार आहे. इन्सुलिन साठवणीत सहा-सहाच्या जुडग्यात असतं, मध्ये झिंक. टोचल्यावर सहाचे सुटून एकेक व्हायला वेळ लागतो आणि रक्तात शिरून काम करतं ते एकटंच. १९९६ मध्ये अमेरिकेत आलेल्या लिस्प्रोमध्ये बी साखळीच्या २८ आणि २९ व्या जागेची दोन अमिनो ॲसिड नुसती उलटीपालटी केली, त्यामुळे जुडगा ढिला पडतो आणि लवकर सुटतो. बाबांच्या डोसचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

मीठभाकर

मला एक खटकतंय. थंडीत सांभाळा म्हणतात. पण व्हॅलिन पाण्यापासून पळून खळग्यात बसतं म्हणालात, असल्या चिकटण्याला उष्णता लागते ना? मग थंडीत उलट कमी चिकटायला पाहिजे.

रेणूबंध (धागाकर्ता)

भले शाब्बास. काचेच्या नळीत अगदी तसंच होतं, बर्फात ठेवलं की धागे विरघळतात, ३७ डिग्रीला आणलं की परत जमतात. ते शांत काळाचे प्रयोग असेच करतात, गार ठेवायचं आणि एकदम तापवायचं. पण शरीरात रक्ताचं तापमान फारसं बदलत नाही, थंडीनं हातापायाच्या वाहिन्या आकसतात आणि पेशीला तिथून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. शांत काळ तेवढाच, प्रवास लांबला. थंड पाण्यात पोहणं, गार फरशीवर अनवाणी, यानं दुखणं येतं ते यामुळे. तापात मात्र दोन्ही बाजूंनी मार बसतो, शरीरही गरम आणि पाणीही आटतं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडं असं बी म्हनतात की इकडचा सिकल आफ्रिकेवाल्यापेक्षा हलका असते. खरं हाये का? भाच्याचं दुखनं पाहून तर वाटत नाही.

डॉ कंपाउंडर

सरासरीत काही प्रमाणात खरं आहे. भारतात आणि पूर्व अरबस्तानात सिकलचा जो प्रकार आढळतो त्यात एफ जास्त राहतं, आणि एफ कसं सांभाळतं ते वर आलंच आहे. पण सरासरी म्हणजे तुमचा भाचा नाही. विदर्भात एसएसची मुलं गंभीर होऊन येतात, हे रोज बघतो. "आपला सौम्य" या समजापायी औषध उशिरा सुरू होतं. त्याला हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का?

वऱ्हाडी ठेचा

मधात बंद केली होती त्याच्या आईनं, कॅन्सरची गोळी म्हनून कोणीतरी भेव घातलं. आता परत डॉक्टरले दाखवतो.

पिंपळपान

पहिल्यांदाच लिहितेय. मी एएस आहे. लग्नाचं बघताहेत आणि दोन ठिकाणी कार्ड दाखवल्यावर नकार आला. एका ठिकाणी तर मुलगा एए होता, तरी नाही म्हणाले, पोरीत दोष आहे म्हणे. आई म्हणते आता कार्ड दाखवूच नको.

सातपुडा

ताई, कार्ड दाखवाच, पण समोरच्याचंही मागा. मुलगा एए असेल तर तुमच्या कुठल्याही मुलाला एसएस होणार नाही, जास्तीत जास्त तुमच्यासारखं एएस. दोघं एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता, आणि तेव्हाही पोटात असताना तपासणी करता येते. आम्ही कार्ड वाटताना हे सांगतो पण ऐकायला मुलगी आणि तिची आई असते, नकार देणारे नसतात. माझं तर मत झालंय की आधी मुलांची तपासणी करावी, कॉलेजमध्ये, गणेश मंडळात, आणि मुलीच्या कार्डाची चौकशी मग.

रेणूबंध (धागाकर्ता)

@पिंपळपान, दोष वगैरे काही नाही. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसननं पूर्व आफ्रिकेत दाखवलं की एएस असलेल्या मुलांना जीवघेणा मलेरिया कमी होतो, म्हणून तर हा जीन मलेरियाच्या मुलखात टिकला, सातपुडा आणि गडचिरोली धरून. तुमचे पूर्वज त्याच्या जोरावर जगले असण्याची शक्यता बरीच आहे. त्या एए मुलाच्या घरच्यांना हा धागा पाठवा हवं तर.

कोकणकडा

एक शेवटचं, बाळाची टेस्ट कधी करायची? ओळखीत एएस-एएस जोडपं आहे, बाळ दोन महिन्यांचं, सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटले त्यांनी.

सातपुडा

@कोकणकडा, त्यांना आजच फोन करा. दोन महिन्यांच्या बाळात एफ भरपूर असतं, त्यामुळे द्रावण गढूळ होतच नाही, एसएस असलं तरी. सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटीवर विश्वास ठेवायचा नाही. एचपीएलसी किंवा डीएनए टेस्ट करून घ्या, ती आत्ताही होते, सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला विचारा. आणि बाळ एसएस निघालं तर पेनिसिलिन लगेच सुरू करायचं असतं, डॉ कंपाउंडर सांगतीलच.

डॉ कंपाउंडर

हो. दोन महिन्यांपासूनच. थांबू नका. न्यूमोकॉकसच्या लसीचं वेळापत्रकही त्याच भेटीत विचारून घ्या.